बर्फातले लाल दगड: जानेवारीत ब्राइस आणि आर्चेसचे फोटो काढताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की जानेवारीत पाच दिवस अमेरिकेतल्या युटात जाताय, ब्राइस कॅन्यन आणि आर्चेस ही दोन ठिकाणं नक्की आहेत, आणि मागच्या हिवाळ्यात गेलात तेव्हा बर्फ राखाडी आला, उन्हातले दगड पिवळट आणि सपाट दिसले आणि सूर्य उगवून वीस मिनिटं होत नाहीत तोवर बॅटरीने मान टाकली, तर यावेळी वेगळं काय करायचं. मी त्या भागात बरेच हिवाळे काढलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. तिन्ही तक्रारींवर उपाय आहेत आणि ते सोपे आहेत, पण त्याआधी एक गोष्ट, बर्फात लाल दगडाचा फोटो चांगला येणं हे सेटिंगपेक्षा तुम्ही कुठल्या वेळी तिथे उभे आहात आणि दगडाच्या कुठल्या बाजूकडे बघताय यावर जास्त ठरतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आर्चेस पार्क साधारण ४,००० ते ५,६०० फुटांवर आहे आणि तिथे लाल दगडावरचा बर्फ फार थोडा वेळ टिकतो. रात्री दोन-तीन इंच पडला आणि सकाळी आभाळ मोकळं झालं तर दुपारपर्यंत दक्षिणेकडची तोंडं कोरडी झालेली असतात, उत्तरेच्या बाजू आणि दगडाच्या उभ्या भिंतींमधल्या घळी एवढंच पांढरं उरतं. ब्राइसची कड ८,००० ते ९,००० फुटांवर आहे, तिथे जमिनीवरचा बर्फ आठवडेच्या आठवडे राहतो, पण हूडूंच्या अंगावर, म्हणजे त्या उभ्या सुळक्यांच्या खाचाखोचांत अडकलेला बर्फ मात्र एक-दोन उन्हांत गळून जातो, आणि फोटोला खरा उपयोग त्याचाच. दगडात जे आडवे थर असतात ना, त्यातला कठीण थर बाहेर आलेला असतो आणि मऊ थर आत झिजलेला असतो, बर्फ त्या बाहेर आलेल्या कडांवर बसतो, त्यामुळे एरवी नुसता नारंगी दिसणारा सुळका एकेक थर वेगळा दाखवायला लागतो, कुणीतरी खडूने रेघा ओढाव्यात तसा. म्हणून मला फूटभर बर्फापेक्षा दोन ते चार इंच केव्हाही जास्त आवडतो. फार पडला की थर बुजतात, रंग बुजतो आणि फोटोत पांढऱ्या गाद्यांसारखं काहीतरी दिसायला लागतं.

याचा अर्थ हवामानाचा अंदाज बघताना "स्वच्छ ऊन" असलेला दिवस शोधू नका. वादळ कधी संपतंय ते शोधा. बर्फ थांबल्यापासून पहिले तीन-चार तास, त्यातही ढग फाटायला लागतात तो अर्धा तास, यासाठी बाकीचा सगळा कार्यक्रम मी खुशाल मोडतो. वादळ रात्री दोनला संपणार असेल तर झोपा, पहाटे जा. पण सकाळी दहाला संपणार असेल तर नऊला कड्यावर जाऊन ढगात उभं राहायची तयारी ठेवा, कारण काहीच दिसत नाही म्हणून लोक गाडीत परत जातात आणि नेमका तेव्हा पडदा सरकतो.

आता उजेड. ब्राइस साधारण ३७.६ अक्षांशावर आहे, म्हणजे डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २९ अंश वर येतो, जूनमध्ये तोच ७६ अंशांवर असतो. त्यामुळे हिवाळ्यात दुपारचं ऊनसुद्धा तिरपं असतं आणि उन्हाळ्यात सकाळी दहानंतर कॅमेरा बॅगेत ठेवावा लागतो तसं इथे होत नाही. दिवस साडेनऊ-पावणेदहा तासांचाच असतो, पण त्यातला बहुतेक वापरता येतो. सूर्योदय ब्राइसला पावणेआठच्या सुमारास, मोआबकडे, म्हणजे आर्चेसलगतच्या गावाकडे, साडेसातनंतर, म्हणजे उन्हाळ्यासारखं चारला उठायचं नाही, हा मोठा आराम. आणखी एक, सूर्य पूर्वेला न उगवता बराच दक्षिणेकडे सरकून, उत्तर शून्य धरून होकायंत्रावर साधारण १२० अंशांवर उगवतो आणि २४० अंशांवर मावळतो. उन्हाळ्यात कुणी काढलेला फोटो बघून तीच जागा धराल तर उजेड वेगळ्याच बाजूने येईल. सूर्याची दिशा दाखवणारं एखादं अ‍ॅप घ्या आणि तारीख टाकून घरीच बघून ठेवा.

माझं ठाम मत आहे की बर्फातल्या लाल दगडाचे सगळ्यात चांगले फोटो सावलीत असतात. थेट उन्हातला दगड आणि थेट उन्हातला बर्फ एकाच फ्रेममध्ये आले की दोन्ही कडक दिसतात. पण समोरच्या भिंतीवर ऊन पडलंय, ते तिथून उडून तुमच्या बाजूच्या सावलीतल्या दगडावर येतंय, खालून बर्फही उजेड वर फेकतोय, अशा वेळी सावलीतला दगड आतून पेटल्यासारखा दिसतो आणि त्याच्या पायाशी असलेला बर्फ आकाशाच्या उजेडामुळे निळा. नारंगी आणि निळा एकमेकांच्या बाजूला, तेही काहीही न वाढवता. बर्फ पडणाऱ्या उजेडातला ऐंशी-नव्वद टक्के परत फेकतो, म्हणून उन्हाळ्यात ज्या सावल्या काळ्याठिक्कर होतात त्यांच्यात हिवाळ्यात तपशील भरलेला असतो. ब्राइसच्या कड्यावर सूर्योदयाला हेच घडतं. कडा पश्चिमेला आणि दरी पूर्वेला उघडी, त्यामुळे तुम्ही कड्यावरून बघता तेव्हा हूडूंच्या सावलीतल्या पाठी तुमच्याकडे असतात आणि मागच्या भिंतींवरून उडालेला उजेड त्या पाठींवर येतो. सूर्य वर आल्यावर साधारण अर्धा-पाऊण तास हे चालतं. लोक मात्र सूर्याचा गोळा वर आला, एक फोटो काढला की निघतात. थांबा.

ब्राइसला सनसेट पॉइंट नावाची जागा आहे म्हणून संध्याकाळी तिथे जाऊन निराश झालेले बरेच जण बघितलेत. मुख्य दरी पूर्वेला तोंड करून असल्यामुळे संध्याकाळी हूडू कड्याच्याच सावलीत जातात आणि हिवाळ्यात हे आणखी लवकर होतं. तिथे सकाळीच जा, थॉर्स हॅमर हा प्रसिद्ध सुळका तिथून थोडाच खाली आहे. सूर्योदयाला ब्राइस पॉइंटवरून उत्तरेकडे बघितलंत तर उजेड पाठीमागून उजवीकडून येतो आणि अख्खी दरी उजळते, ते भव्य दिसतं, पहिल्यांदा जाणाऱ्याने एकदा बघावंच. पण फोटो म्हणून मला इन्स्पिरेशन पॉइंट जास्त आवडतो, तिथून खाली बघितलं की सुळक्यांच्या रांगांमागे रांगा आणि मधल्या फटींत बर्फ. फेअरीलँड पॉइंटचा रस्ता हिवाळ्यात साफ करत नाहीत, गाडी जात नाही, बर्फातून चालत जायची तयारी असेल तर शांतता मिळेल. दरीत उतरणाऱ्या नवाहो लूप या वाटेची वॉल स्ट्रीटची बाजू हिवाळ्यात बंद असते, दगड सुटून पडतात म्हणून, तिथली अडवणारी साखळी ओलांडू नका. हे हूडू तयारच या थंडीने झालेत, चुनखडीच्या फटीत पाणी शिरतं, रात्री गोठतं, गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि फट रुंद करतं, दुपारी वितळतं, आणि असं तिथे वर्षातून दीडशेहून जास्त वेळा होतं. सकाळी भिंतीला ऊन लागलं की वरून खडे सुटल्याचा बारीक आवाज येतो. तो आवाज ऐकला की मी भिंतीच्या पायथ्याशी ट्रायपॉड लावत नाही.

लेन्सचं म्हणाल तर ब्राइसला ७०-२०० मिमीची लांब लेन्स किंवा तुमच्याकडे जे काही तशा पल्ल्याचं असेल ते आधी लावा. रुंद लेन्सने सगळी दरी येते पण प्रत्येक सुळका काडीएवढा होतो आणि घरी आल्यावर फोटोत नुसता खडबडीत गालिचा दिसतो. लांब लेन्सने पाच-सात सुळके निवडा, ज्यांच्या मागे सावली आहे आणि समोर उजेड आहे असे, किंवा उलट. आकाश नसलं तरी चालतं, उलट बरंच. सुळका दुसऱ्या सुळक्यावर चढून दिसत असेल तर दोन पावलं डावी-उजवीकडे सरका, त्यांच्यामध्ये बर्फाची एक पट्टी दिसली पाहिजे, ती पट्टीच त्यांना वेगळं करते. रुंद लेन्स आर्चेसला लागते, कमानीखाली उभं राहून.

लांब लेन्सने एक त्रास होतो जो थंडीत कुणाच्या लक्षात येत नाही. फोटो मऊ आला, फोकस तर बरोबर होता, ट्रायपॉड होता, मग काय झालं? बहुतेक वेळा गरम हवा. गाडीत हीटर लावून काच खाली करून लांब लेन्सने काढलात तर खिडकीतून बाहेर पडणारी गरम हवा आणि बाहेरची गार हवा यांच्या मिसळण्याने चित्र थरथरतं. तसंच गरम गाडीतून काढलेली लेन्स थेट वापरली की तिच्या पुढच्या नळीतली, म्हणजे लेन्स हूडमधली, हवा ढवळत असते. वीस-तीस मिनिटं बाहेरच्या गारव्यात राहू द्या. ऊन चढल्यावर उघडा दगड तापतो आणि बाजूचा बर्फ गार असतो, तेव्हाही दूरचं दृश्य नाचायला लागतं, त्याला उपाय नाही, जवळचं काहीतरी काढा.

आता तुमच्या राखाडी बर्फाकडे. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतं, फ्रेममध्ये बर्फ जास्त असला की ते उजेड कमी करतं आणि बर्फ करडा येतो. त्यामुळे एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड हाताने कमी-जास्त करायची सोय, प्लसमध्ये न्यायचं, बर्फ अर्धी फ्रेम व्यापत असेल तर अंदाजे +१, जवळजवळ सगळी फ्रेम व्यापत असेल तर +१.७ पर्यंत. हे बहुतेकांना माहीत असतं. पण तुमची दुसरी तक्रार, पिवळट सपाट दगड, ती याच्यातूनच येते आणि ते कमी लोक सांगतात. लाल वालुकाश्म उन्हात असला की त्याच्यातला लाल चॅनेल, म्हणजे कॅमेऱ्याने केलेली लाल रंगाची नोंद, हिरव्या-निळ्याच्या खूप आधी भरतो. तुम्ही बर्फासाठी प्लस केलंत, कॅमेऱ्याचा साधा पांढरा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, म्हणतो सगळं ठीक आहे, आणि तिकडे लाल चॅनेल केव्हाच कापला गेलेला असतो. लाल कापला गेला आणि हिरवा अजून वाढतोय, म्हणजे नारंगी रंग पिवळ्याकडे सरकतो आणि दगडाचा पोत सपाट होतो. नेमकं तुम्ही वर्णन केलंत तसं.

म्हणून मेनूत जाऊन लाल-हिरवा-निळा असा तिन्ही चॅनेलचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि लाल बघून एक्सपोजर ठरवा. तो हिस्टोग्राम कॅमेरा त्याच्या जेपेग चित्रावरून काढतो, रॉ फाइल घेत असलात तरी, त्यामुळे पिक्चर स्टाइल व्हिव्हिड किंवा लँडस्केपवर असेल तर लाल खोटाच भरलेला दिसतो, ती न्यूट्रलवर ठेवा, आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, क्लाउडी किंवा शेडवर असेल तर तो लाल आणखी वर ढकलतो, तेव्हा डेलाइटवर ठेवा. एवढं केलंत तर लाल चॅनेल उजव्या टोकाला टेकण्याआधी थांबता येतं. उन्हातला बर्फ आणि सावलीतला दगड दोन्ही हवेत आणि एका फ्रेममध्ये बसत नाहीत असं झालं तर दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन फ्रेम घ्या, पण मी सांगतो, वर म्हटलं तसं सावलीकडे तोंड केलंत तर त्याची गरज क्वचित पडते.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका असं मी म्हणेन, कारण फ्रेममध्ये दगड जास्त आला की तो निळा करतो, बर्फ जास्त आला की पिवळा करतो, आणि एकाच सकाळचे फोटो दहा रंगांचे होतात. डेलाइटवर ठेवून सावलीतला बर्फ निळा येऊ द्या. तो खरंच निळा असतो, आकाश त्याच्यावर पडलेलं असतं. घरी आल्यावर लोक तो निळा पूर्ण काढून पांढराशुभ्र करतात आणि मग दगडही विझतो. निळा थोडा कमी करा, संपवू नका. तसंच नारंगीचं सॅच्युरेशन वाढवायचा मोह होतो, त्याऐवजी नारंगीचा ल्युमिनन्स, म्हणजे उजळपणा, जरासा खाली आणून बघा, रंग आपोआप गडद होतो आणि थर शाबूत राहतात.

पोलरायझर, म्हणजे चमक कमी करणारा फिरता फिल्टर, मी थंडीत फार जपून वापरतो. ८,००० फुटांवर हिवाळ्याचं आकाश आधीच गडद निळं असतं, त्यावर पोलरायझर पूर्ण फिरवला की काळपट होतं, आणि रुंद लेन्सवर आकाशाच्या एका भागातच काळा पट्टा येतो कारण त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सगळ्यात जास्त असतो. त्याचा खरा फायदा बर्फ वितळताना होतो, ओल्या दगडावरची चमक घालवायला, तेव्हा दगडाचा खोल लाल रंग वर येतो. तेवढ्यापुरता लावा, अर्धाच फिरवा.

बॅटरी. थंडीत लिथियम-आयन बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि अंतर्गत रोध वाढतो, त्यामुळे चार्ज असूनही ती कॅमेऱ्याला हवा तेवढा विजेचा दाब देऊ शकत नाही आणि कॅमेरा म्हणतो संपली. ती संपलेली नसते. काढून आतल्या कपड्याच्या खिशात, अंगाला लागून, पंधरा-वीस मिनिटं ठेवा, बरीचशी परत येते. तीन बॅटऱ्या घ्या, दोन नेहमी अंगाशी आणि एक कॅमेऱ्यात, फिरवत राहा. जॅकेटच्या बाहेरच्या खिशात ठेवून काही उपयोग नाही, तिथेही बाहेरइतकीच थंडी असते. मिररलेस असेल तर फोटो काढून झाल्यावर दर वेळी बंद करा, व्ह्यूफाइंडर आणि स्क्रीन सतत चालू राहिले की तेच बॅटरी खातात. आणि गारठलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, शून्याखाली तापमान असताना चार्ज केली तर आत धातूचं लिथियम साचतं आणि ती कायमची अशक्त होते. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. जानेवारीत ब्राइसला पहाटे उणे १२-१५ सेल्सिअस हे नेहमीचंच आहे, आणि सगळ्यात गार वेळ नेमकी सूर्योदयाची असते, शिवाय गार हवा जड असल्यामुळे दरीत उतरून साचते, म्हणजे खाली वाटेवर कड्यापेक्षाही गार लागू शकतं.

उलट बाजू म्हणजे परत येतानाचा दव. गारठलेला कॅमेरा गरम खोलीत नेला की त्याच्यावर आणि आतही पाणी जमतं. बाहेर असतानाच कार्ड आणि बॅटरी काढून घ्या, कारण नंतर दोन तास कॅमेरा उघडायचा नाहीये आणि फोटो बघायची घाई तर होणारच. मग कॅमेरा जाड झिपवाल्या पिशवीत घालून हवा दाबून काढून पिशवी बंद करा, ती कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवा आणि बॅग खोलीच्या गार कोपऱ्यात, दाराशी, तशीच राहू द्या. पाणी जमायचं ते पिशवीच्या बाहेरच्या बाजूला जमतं. दिवसभर जागा बदलत फिरताना गाडीत हीटर शक्य तितका कमी आणि कॅमेरा डिकीत. मांडीवर घेऊन हीटरसमोर बसलात तर प्रत्येक थांब्यावर काच धुकटलेली मिळेल.

लेन्सवर बर्फाचे कण पडले तर फुंकर मारू नका, उच्छ्वासातली वाफ काचेवर गोठते आणि मग ते निघत नाही. ब्लोअर आणि मऊ ब्रश. व्ह्यूफाइंडरला डोळा लावताना श्वास नाकातून खाली सोडायची सवय लावून घ्या, नाहीतर मागची स्क्रीन आणि व्ह्यूफाइंडर दोन्ही गोठतात. थंडीत फोकस रिंगचं ग्रीस घट्ट होतं आणि लेन्सवरची अनंताची (अगदी दूरच्या फोकसची) खूण थोडी हलते, त्यामुळे त्या खुणेवर विश्वास न ठेवता लाइव्ह व्ह्यू मोठा करून दूरच्या दगडाच्या कडेवर फोकस करा.

ट्रायपॉड बर्फात लावताना एक चूक सगळेच करतात, पाय पूर्ण फाकवून मग खाली दाबतात. दाबल्यावर बर्फ पायांना आणखी बाहेर ढकलतो आणि वरचा सांधा ताणला जातो, त्यात तो तडकल्याचं मी बघितलंय. पाय थोडे मिटलेले ठेवून दाबा, खाली जाताना ते आपोआप हव्या तेवढ्या कोनात येतात. खाली दगड किंवा कडक जमीन लागेपर्यंत दाबा, नाहीतर लांब एक्सपोजरमध्ये तो हळूहळू खचत राहतो. सगळ्यात खालचा बारीक भाग पूर्ण बाहेर काढून कुलूप घट्ट करा आणि वरचे भाग कमी उघडा, म्हणजे कुलपं बर्फाच्या वर राहतात. ओला पाय तसाच आत सरकवलात तर पाणी आत जाऊन गोठतं आणि दुसऱ्या दिवशी पाय उघडतच नाही, आणि वाळवंटात त्या पाण्याबरोबर बारीक वाळूही जाते. पुसून, कोरडा करून मग मिटा. ट्रायपॉड अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर वरच्या पायांना फोमची पट्टी गुंडाळा, उघड्या बोटांनी तो उचलायला गेलात तर बोटं पाच मिनिटांत काम करेनाशी होतात. हातमोजे दोन थरांचे, आत पातळ ज्याने बटणं दाबता येतात, वर जाड मिटन.

आर्चेसला आलात की डेलिकेट आर्चसाठी संध्याकाळ ठेवा. जाऊन-येऊन तीन मैल, चढ पाच-सहाशे फुटांचा, अवघड काही नाही, पण शेवटचे दोनशे यार्ड दगडात कोरलेल्या कडेवरून जातात आणि तो भाग सावलीत असतो, तिथे थंडीभर बर्फाची काच होते. बुटांना लावायचे मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बारीक खिळ्यांचे पट्टे, नेलेच पाहिजेत, आणि उतरताना अंधार असणार म्हणून हेडलॅम्प, त्याच्याही बॅटऱ्या अंगाशी. कमानीमागे ला साल पर्वत बर्फाने भरलेला असतो, १२,००० फुटांच्या वरची शिखरं आहेत त्यात, आणि हा मागचा पांढरा डोंगर असा फक्त थंडीतच मिळतो. तो मोठा दिसायला हवा असेल तर मागे सरका आणि लांब लेन्स लावा. नॉर्थ विंडोमधून टरेट आर्चचा सूर्योदयाचा जो फोटो सगळीकडे दिसतो त्यासाठी उतरत्या दगडावर चढावं लागतं, तिथे बर्फ असेल तर सोडून द्या, मी सोडतो. त्याऐवजी बॅलन्स्ड रॉक रस्त्यालगत आहे, तिथे भोवती फिरत फिरत ला सालच्या बाजूने किंवा विरुद्ध बाजूने, कितीतरी करता येतं.

कॅन्यनलँड्स या शेजारच्या पार्कातली मेसा आर्च ही कमान जवळच आहे आणि वर सांगितलेल्या परावर्तित उजेडाचं तिच्याइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. सूर्य वर आला की खालच्या कड्यावर ऊन पडतं आणि ते उडून कमानीच्या पोटाला लागतं, पोट निखाऱ्यासारखं लाल होतं. पार्किंगपासून पंधरा-वीस मिनिटांची चाल, पण कमान थेट कड्याच्या टोकावर आहे, पलीकडे शेकडो फूट खाली. बर्फ असताना मी कमानीच्या दगडाला हात लावण्याइतकंही पुढे जात नाही. बर्फ पडून गेल्यावर वारा थांबला तर कधीकधी दरीत ढग साचून राहतात, वर ऊन आणि खाली ढगांचा समुद्र, त्यातून दगडांची टोकं वर आलेली. ते मिळालं तर कमान विसरून ग्रँड व्ह्यू पॉइंटला जा.

पावलांबद्दल मी जरा कडक बोलतो. त्या भागात वाळूवर काळपट खडबडीत साय असते, सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि दगडफूल यांची मिळून झालेली जिवंत माती, तीच वाळू धरून ठेवते. एक पाऊल पडलं तर ती भरून यायला वर्षंच्या वर्षं लागतात. बर्फाखाली ती दिसत नाही, आणि बर्फ आहे म्हणून लोक कुठूनही चालतात. वाट किंवा उघडा दगड किंवा पाण्याची कोरडी चर, एवढ्यावरूनच चाला. ओला वालुकाश्म कोरड्यापेक्षा बराच कमकुवत असतो, कडेवर उभं राहून बरोबरच्याला फोटो काढायला सांगू नका. ड्रोन २०१४ पासून अमेरिकेच्या सगळ्या नॅशनल पार्कांत बंद आहेत. आर्चेस आणि कॅन्यनलँड्सला रात्री टॉर्चने दगड उजळून फोटो काढायलाही मनाई आहे, आणि मला ती योग्य वाटते. २०१३ मध्ये युटातल्याच गॉब्लिन व्हॅलीत काही मोठ्या माणसांनी एक सुळका ढकलून पाडला आणि त्याचा व्हिडिओ केला होता, तो बघताना मला आजही पोटात ढवळतं.

टॉर्च नको म्हणजे रात्र वाया असं नाही. थंडीतली पौर्णिमा आकाशात फार उंचावरून जाते, सूर्य जिथे जूनमध्ये असतो साधारण तिथून, आणि खाली बर्फ असला की दगडांच्या सावल्याही भरतात. आयएसओ ८००, एफ/४, दहा ते पंधरा सेकंद यापासून सुरुवात करा आणि हिस्टोग्राम बघून पुढे-मागे करा. आकाशगंगेचा तेजस्वी मध्यभाग जानेवारीत रात्री मिळत नाही, तो शोधू नका, मृग नक्षत्र मात्र दगडावर सुरेख उभं राहतं. लेन्सच्या पुढच्या काचेवर अर्ध्या तासात हिमकण धरतात, पॉवर बँकेवर चालणारा लेन्स हीटरचा पट्टा गुंडाळा, नसेल तर हात गरम करायच्या पुड्या रबरबँडने लेन्सभोवती बांधा. त्या पुड्यांना हवा लागते, घट्ट झाकल्या तर विझतात. पाण्याची बाटली बॅगेत उलटी ठेवा, पाणी वरून गोठायला लागतं, म्हणजे झाकणाकडचं शेवटपर्यंत पातळ राहतं.

तुमच्या पाच दिवसांचं मी असं करीन. बुकिंग करताना ब्राइसच्या दोन रात्री आणि मोआबच्या दोन रात्री रद्द करता येतील अशा घ्या आणि निघायच्या दोन दिवस आधी अंदाज बघून क्रम ठरवा. बर्फाचं वादळ ब्राइसवर आधी येत असेल तर आधी ब्राइस, आणि ते तिथून सरकून मोआबकडे जात असेल तर ते यायच्या आदल्या रात्री मोआबला पोचा, कारण तिथला बर्फ तुमची वाट बघत नाही. दोन्हींमधलं अंतर कोरड्या रस्त्यावर साडेचार-पाच तास, बर्फात किती ते सांगता येत नाही, म्हणून वादळ चालू असताना तो प्रवास ठेवू नका. मधल्या दिवशी नुसतं ढगाळ असेल तर गॉब्लिन व्हॅलीत थांबा, तिथल्या मशरूमसारख्या दगडांना ढगाळ उजेडच चांगला लागतो. आणि बर्फ पडलाच नाही तर? ब्राइसला जुना बर्फ जमिनीवर असतोच, पीक-अ-बू लूपच्या उत्तरेकडच्या सावलीतल्या वळणांवर तर असतोच असतो, वाट उघडी आहे का ते रेंजर्सना विचारून स्पाइक्स लावून उतरा आणि सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान भिंतींवरून उडून येणारा उजेड धरा.